गाईचा उपवास

एकदा एका आश्रमातली गाय एकादशीच्या सकाळी वैरणीला तोंड लावीना. आदल्या दिवशीच ती व्याली होती. कालवड गोजिरवाणी होती, दूधही भरपूर उतरलं होतं; आणि आज गाय मान वळवून, पोटाशी टेकवून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. गोठा सांभाळणाऱ्या शिष्येला ते पाहून गहिवरून आलं. गाईनेही एकादशी धरली! तिने गाईला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. बातमी गावात गेली आणि बायका ओटी घेऊन दर्शनाला आल्या.

"अगं बाई, आमच्या घरातल्यांना आणून दाखवा ही! त्यांना एकादशीला वडे लागतात," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. शिष्या मात्र हात जोडून उभी होती.

आश्रमातले वृद्ध बाबा दर एकादशीला मौन पाळत. जवळजवळ बारा वर्षं त्यांच्या तोंडून त्या दिवशी शब्द निघाला नव्हता. आजच्या सूर्यास्ताला व्रताचं एक तप पूर्ण व्हायचं होतं; सांगतेची तयारी झाली होती.

बाबा गोठ्यात आले. वाकून त्यांनी गाईच्या कानाला हात लावला, आणि भर गर्दीत ओरडले, "अगं, डॉक्टरांना फोन लाव! आत्ताच्या आत्ता!"

बायका चित्रासारख्या उभ्या राहिल्या. शिष्येने धावत जाऊन फोन लावला.

जनावरांचे डॉक्टर आले. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम उतरलं आहे, म्हणाले. त्यांनी शिरेतून सावकाश औषध सोडलं. "दुपारपर्यंत थांबला असतात, तर वासरू पोरकं झालं असतं." तासाभराने गाय धडपडत उठली आणि कालवडीला चाटू लागली.

शिष्येला रडू आवरेना. "बाबा, माझ्यापायी तुमचं तप मोडलं. पाटीवर लिहिलं असतंत तरी..."

"पाटी झोपडीत होती, मुली. तेवढा वेळ हिच्यापाशी होता का?" बाबा तिच्याशेजारी बसले. "माझं मौन मी घेतलेलं, म्हणून ते मला सोडता येतं. हिचं मौन हिने घेतलेलं नाही. उपवासाला संकल्प लागतो. हिने संकल्प कधी केला? हिने घास सोडला ते आपल्याला सांगण्यासाठी. रवंथ थांबला, कान गार पडले, व्यालेली गाय मान टाकून बसली, तर वाट पाहू नये. फार तर डॉक्टर येऊन हसतील, म्हणतील, उगाच बोलावलंत. हसू देत."

"पण मग श्रद्धा, बाबा?"

"डॉक्टर घरी सापडले, वेळेत पोचले, गाय उठली. यात देव कुठे कमी पडला, सांग बरं?"

शिष्येने डोळे पुसले. डॉक्टर निघाले होते. त्यांना थांबवून तिने नंबर पुन्हा विचारून घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर गेरूने, कोणालाही लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिला.

आपल्याही घरात कुणी न बोलता पानावरून उठत असेल. त्याला सोशिक म्हणून नमस्कार करण्याआधी जवळ जाऊन काय होतंय ते विचारावं.