बोलक्या डब्याचं झबलं

एक होता नाकतोडा. हिरवा हिरवा. एवढुस्सा!
टुणुक टुणुक आला खिडकीत.
खिडकीत होता कुमुदआत्याचा बोलका डबा. आत्याला डोळ्यांनी दिसत नाही. ती कानांनी पुस्तकं वाचते. डब्यात माणूस नाही, तरी डबा बोलतो. अबब!
डबा सांगत होता, "समुद्राच्या तळाशी एक दार होतं. माशाने दार ढकललं. आणि आत..."
टूंऽऽ टुक्. डबा गप्प!
आत काय? नाकतोड्याच्या मिशा थरथरल्या.

"डबेदादा, डबेदादा, बोल ना! गोष्ट सरेना."
डबा कुजबुजला, "मी नाही बोलणार. बॅटरी टिकली तर बोलेन."

टुणुक टुणुक बॅटरीकडे.
"बॅटरीताई, बॅटरीताई, टिक ना! डबा बोलेना, गोष्ट सरेना."
"मी नाही टिकणार. सकाळी पोटभर वीज प्यायले, दुपारी रिकामी! बटण सारखं दाबलेलं. डबा झोपतच नाही. बटण उठलं तर टिकेन."

टुणुक टुणुक बटणाकडे.
"बटणराव, बटणराव, उठा ना! बॅटरी टिकेना, डबा बोलेना, गोष्ट सरेना."
"मी नाही उठणार. डोक्यावर झबलं बसलंय. झबलं सुटलं तर उठेन."

टुणुक टुणुक झबल्याकडे. लाल लोकरीचं. घट्ट घट्ट!
"झबलेबाई, झबलेबाई, सुटा ना! बटण उठेना, बॅटरी टिकेना, डबा बोलेना, गोष्ट सरेना."
"मी नाही सुटणार. नव्या काकूने सोडलं तर सुटेन."

टुणुक टुणुक शर्वरीकाकूकडे. नुकतीच लग्न होऊन आलेली. मिक्सरला झबलं, रिमोटला झबलं, डब्यालाही झबलं!
"काकू, काकू, सोड ना! झबलं सुटेना, बटण उठेना, बॅटरी टिकेना, डबा बोलेना, गोष्ट सरेना."
"छे बाई! दोन दिवस खपून विणलंय. वन्सं म्हणाल्या तरच सोडेन."
काकूच्या वन्सं म्हणजे आपली आत्या!

टुणुक टुणुक आत्याच्या तळव्यावर.
"आत्या, आत्या, सांग ना! काकू सोडेना, झबलं सुटेना, बटण उठेना, बॅटरी टिकेना, डबा बोलेना, गोष्ट सरेना."
"माझीही सरेना रे! तीन दिवस झाले. मासा दारातच उभा!"
आत्याची बोटं झबल्यावरून फिरली. हळू... हळू... थांबली. बोटांना दिसलं!
"वहिनी, विणलंयस झकास. पण सोड बाई, बटणाचा जीव गुदमरतोय!"
"अगंबाई!"

आत्याने सांगितलं. काकूने सोडलं. झबलं सुटलं. बटण उठलं, टिक्! बॅटरी वीज प्यायली, गट गट गट, आणि टिकली.
काकूने झबल्याला खिडकी ठेवली. बटणापुरती.
आणि डबा बोलला!
"...आणि आत होता चंद्र. भला मोठ्ठा. ओला ओला. अंग पुसत बसला होता."
आत्याने कान पुढे केले. काकूच्या सुया हातातच राहिल्या.
आणि नाकतोडा? टुणुक करायचंच विसरला.