कुलुपातलं पाणी

धोंडगडावर दोन टाकी होती, शेजारी शेजारी, मध्ये कातळाची भिंत. एक लोकांचं, दुसरं किल्लेदार सुभानरावांचं, कुलूप घातलेलं. दुष्काळात कुलूप शाबूत असूनही त्यातलं पाणी भराभर उतरू लागलं, तेव्हा चोरीच्या आरोपावरून सुभानरावांनी पहारेकऱ्याचा कडेलोट केला. लोक खवळले. सुभानरावांनी विसोबा वैद्यांना बोलावलं. "त्यांच्या टाक्यात विष टाका. नाहीतर उद्या कड्यावर तुम्ही."

संध्याकाळी वैद्य परतले.

"झालं काम?" आपल्या टाक्यातल्या पाण्याचा गडू उचलत किल्लेदारांनी विचारलं.

"जाऊन आलो, सरकार. आपल्याही टाक्यात डोकावलो. पाणी दोन्हीकडे एकाच पायरीला आहे. ते उपसतात तसं आपलंही उतरतं. कातळाला खाली भेग असणार. पहारेकरी चोर नव्हता."

गडू ओठांपाशीच थांबला. "विष टाकलंत का?"

"ती माणसं जिवंत दिसतील तोवर निर्धास्त प्या."

त्यानंतर रोज सकाळी सुभानराव कोरड्या घशानं तटावर उभे राहत आणि खाली कोण पाणी पितंय ते बघत. टाक्यावर सगळ्यांत आधी यायची ती पहारेकऱ्याची बायको. ती सावकाश घागर भरायची आणि घोटभरही न पिता निघून जायची.