कातळवेळची उभी गावकी

हा उंडीच्या झाडाखालचा काळा दगड बघा. याला वीरगळ म्हणतात. लढाईत मर्दुमकी गाजवलेल्या माणसाच्या नावाने असे दगड आपल्याकडे गावोगाव उभे केलेले दिसतात. खालच्या कप्प्यात खडकावर चढलेलं गलबत आहे, मधल्या कप्प्यात हातघाईची लढाई आहे. सगळ्यात वरच्या कप्प्यात एरवी वीर स्वर्गात ऐटीत बसलेला असतो. आमच्या दगडात मात्र वर पागोटी घातलेले मानकरी मांडी घालून बसलेत आणि कडेला एक जण झाडाला हात टेकून उभा आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बोट दाखवून विचारतो, "हा चोपदार का?"

चोपदार नव्हे. हा दगड त्याचाच आहे. मांडी घालून बसलेत ते आमचे पूर्वज.

आणि एक सांगायचं राहिलं, या पारावर बसू नका. समोर शाळेच्या ओट्यावर सावली आहे, तिथे बसा. गावात शिरल्यापासून घराघरातून "बसा, बसा" ऐकून तुम्ही कंटाळला असाल. नाव-गाव विचारायच्या आधी आमच्याकडे माणसाला बसवतात. त्याचंही कारण हाच दगड आहे.

असं सांगतात की कातळवेळ हे एकेकाळी मोठं नांदतं बंदर होतं. दूरदूरची गलबतं इथे लागत. खजूर उतरे, घोडे उतरत आणि माणसंही उतरत. हो, विकायला आणलेली माणसं. हे सांगताना मान खाली जाते, पण गाळून पुढची गोष्ट सांगता येत नाही. अशाच एका गलबताच्या तळातून हबसाणातलं, म्हणजे आफ्रिकेतलं, एक पोर उतरलं आणि विसाजी देसायाने ते विकत घेतलं. त्याचं नाव ठेवलं मर्जान. मर्जान म्हणजे पोवळं. त्याच्या आईने त्याचं काय नाव ठेवलं होतं ते गावात कुणी विचारलं नाही, म्हणून आज ते कुणालाच ठाऊक नाही.

मर्जान देसायाच्या घरी वाढला, पुढे देसायाच्या गलबतावर गेला. त्या गलबताचा नाखवा होता धाकोजी. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांच्या तोंडाकडे बघून वागणारा होता. त्याने मर्जानच्या हाती सुकाणू दिलं. दोघांनी एका ताटात नसलं तरी एका छपराखाली बरीच वर्षं खाल्लं.

एका वर्षी किनाऱ्यावर चाचे आले. त्यांनी भर समुद्रात देसायाचं गलबत धरलं, धाकोजीला आणि त्याच्या माणसांना दोरखंडांनी बांधून तळात टाकलं. मर्जानला तेवढं बांधलं नाही. गुलामाला कसला आलाय गाव, असा त्यांचा हिशेब. त्यांचा म्होरक्या त्याला म्हणाला, म्हणे, की आम्हाला खाडीत घेऊन चल, आजपासून तू मोकळा. गाव बेसावध होतं. आपलंच शीड दिसल्यावर बायका-मुलं नारळ घेऊन धक्क्यावर येणार होती.

मर्जानने सुकाणू धरलं. तळातल्या अंधारात धाकोजीने त्याच्या सगळ्या कुळाचा उद्धार केला. त्याचा शब्द न् शब्द वर ऐकू जात होता, असं सांगतात.

खाडीच्या तोंडाशी करवत नावाचा खडक आहे, ओहोटीला इथून दिसतो. भरलेल्या शिडानिशी मर्जानने गलबत थेट त्या करवतीवर घातलं. लाकूड फाटलं, वरचे चाचे पाण्यात कोसळले, आणि मर्जान कोयता घेऊन तळात उतरला. त्याने पहिला दोर कापला तो धाकोजीचा. मग गुडघाभर पाण्यात जी झुंज झाली ती मधल्या कप्प्यात कोरली आहे. मागून येणारी चाच्यांची तारवं ते बघून परत फिरली. गाव वाचलं. मर्जानच्या मांडीत भाल्याचं पातं रुतलं होतं, तो पाय पुढे कधी पुरता बरा झाला नाही.

धक्क्यावर त्याला विचारलं, अरे, ते तुला मोकळं करणार होते, मग तू असं का केलंस? गावाचं प्रेम, मालकाचं मीठ, असं काहीतरी तो म्हणेल म्हणून सगळे कान देऊन होते. तो म्हणाला, "तळात माणसं बांधलेली असताना वर सुकाणू धरवेना. मी तसाच आलोय इथं."

विसाजी देसायाने त्याला तिथल्या तिथे मोकळं केलं. गावकीने त्याला मानाची जागा दिली. गावकी म्हणजे गावच्या मानकऱ्यांची सभा, ती याच पारावर बसे. गावचा कायदा तीच करी आणि न्यायही तीच देई. कालच्या गुलामाला गावकीत जागा! आसपासच्या गावांनी तोंडात बोटं घातली. आमच्या लोकांना स्वतःच्या मोठ्या मनाचं इतकं कौतुक वाटलं की पुढचं काम करायचं राहूनच गेलं.

काम एवढंसंच होतं. गावकीत नवा मानकरी आला की तो आपण होऊन बसत नसे. रांगेत सगळ्यात शेवटी बसलेल्याने सरकायचं, उपरण्याच्या पदराने शेजारची जागा झाडायची आणि म्हणायचं, "या, बसा." मग तो बसायचा. त्या वेळी रांगेत शेवटचा होता धाकोजी नाखवा.

पहिल्या दिवशी मर्जान धुतलेला अंगरखा घालून आला आणि उंडीपाशी उभा राहिला. धाकोजीने उपरण्याला हात घातला, आणि देसायाकडे पाहिलं. देसाई खाडीकडे बघत पान चघळत होता. धाकोजीच्या मनात आलं, देसायांचा कालचा गुलाम, देसायांनीच खूण केलेली बरी. देसायाच्या मनात होतं, सरकायचं काम नाखव्याचं, मी कशाला तोंड उघडू? बाकीचे दोघांकडे बघत राहिले. नको असं कुणीच म्हटलं नाही. सभा सुरू झाली. मर्जानने उंडीच्या खोडाला हात टेकला, दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि उभ्यानेच आपलं मत सांगितलं.

त्या संध्याकाळी धाकोजी घरी आला तेव्हा त्याची बायको चांगुणा मासळी साफ करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सरकलाव का?"

"देसाय बोलले नाय," धाकोजी म्हणाला.

"तुमचा दोर कापताना त्यानं कुनाला इचारलं व्हतं?"

पुढच्या सभेत नक्की सरकू, असं धाकोजीने ठरवलं. पुढच्या सभेत त्याला वाटलं, आज सरकलो तर लोक म्हणतील, मागच्या वेळी का नाही सरकलास? त्यापुढच्या सभेत ते आणखी अवघड झालं. दिवस गेले, वर्षं गेली. चांगुणा दर सभेनंतर तेच विचारी, आणि ती विचारेल म्हणून धाकोजी मागच्या दाराने घरात येऊ लागला.

आणि मर्जान? तो एकही सभा चुकला नाही. उभ्या उभ्या त्याने या गावासाठी जे केलं ते बसलेल्यांना जमलं नव्हतं. बंदरात माणसं विकण्याचा ओटा होता, त्याच्यावर देसायाचं घर पोसलं जाई. मर्जान सभेमागून सभा एकच मागणी मांडत राहिला. कुणी चिडलं, कुणी हसलं, कुणी उठून गेलं. शेवटी विसाजी देसायानेच बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि गावकीचा कायदा झाला: या वाळूवर माणूस विकला जाणार नाही, आणि ज्याचा पाय या वाळूला लागला तो कुणाच्या मालकीचा नाही. ओटा फोडला. पुढे कितीतरी पळून आलेली माणसं रात्री-अपरात्री करवतीवरून पोहत येऊन इथे मोकळी झाली, असं सांगतात. त्यांचे वंशज आजही गावात आहेत. ज्याच्यामुळे हा कायदा झाला त्या मर्जानला तो होतानाही कुणी बस म्हटलं नव्हतं.

बरं, लाज वाटली की माणूस तिच्यावर पांघरूण घालतो. आमच्या पूर्वजांनीही घातलं. बाहेरचा कुणी विचारू लागला की ते सांगत, "मर्जानला उभंच बरं वाटतं. दर्यावरचा माणूस, मांडी घालून बसायची सवय नाही त्याला." हे इतक्यांदा सांगितलं की सांगणाऱ्यांना ते खरं वाटू लागलं. एकट्या धाकोजीला ते खरं वाटत नव्हतं. गलबतावर मर्जान मांडी घालून जाळं विणताना त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

दोघं म्हातारे झाले. मर्जान काठी टेकत येऊ लागला. एका सभेत उभ्या उभ्या त्याचे पाय लटपटताना धाकोजीने पाहिले आणि त्याला अन्न गोड लागेना. पुढच्या सभेला जाताना त्याने उपरणं मागून घेतलं. चांगुणाने ते आधीच धुऊन ठेवलं होतं.

मर्जान आला, उंडीपाशी थांबला. धाकोजीने या वेळी कुणाकडेच पाहिलं नाही. तो सरकला, उपरण्याने जागा झाडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मर्जानदादा, या, बसा."

मर्जान त्या झाडलेल्या जागेकडे बघत राहिला. मग हसला. त्या हसण्यात राग नव्हता, असं सांगतात, आणि तेच धाकोजीला सोसवलं नाही.

"आता नको, नाखवा," तो म्हणाला. "पाय वाकत नाय आता. बसलो तर उठता यायचं नाय. पण बोललास, बरं वाटलं."

आणि तो त्या दिवशीचं आपलं म्हणणं उभ्यानेच सांगून गेला. शिमग्याच्या आधी तो वारला.

आता गाव रडलं. आता सगळ्यांना त्याची थोरवी आठवली. अशा वेळी आम्हाला कधी उशीर होत नाही. गावकी बसली आणि ठरलं की मर्जानची वीरगळ उभी करायची, पंचक्रोशीत नसेल अशी. पाथरवट बोलावला. खालचे दोन कप्पे कोरून झाल्यावर तो विचारायला आला, "वरती कसा काढू?"

विसाजी देसाई अगदी थकला होता, तरी त्याने आवाज चढवून सांगितलं, "मधोमध काढ. उंच आसनावर, लोडाला टेकून बसलेला. आम्ही सगळे बाजूला." माना डोलल्या. सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. दगडात एकदा मर्जान बसला की पुढच्या पिढ्यांना तो बसलेलाच दिसणार होता.

धाकोजी उठून उभा राहिला. जन्मात त्याने देसायाचा शब्द खाली पाडला नव्हता.

"तो बसला नवता," तो म्हणाला. "आमी बसवला नाय त्याला. सरकायचं काम माजं व्हतं, मी सरकलो नाय. जिता व्हता तवा जागा दिली नाय, आन् आता दगडात देताव?" मग तो पाथरवटाकडे वळला. "जसं झालं तसंच कोर, बाबा. आमी बसलेले, तो उभा. माजं तोंड नीट काढ. वळखू येऊ दे."

देसाई संतापला. "नाखवा, खाली बस," तो म्हणाला.

"नाय, देसायानू. आता या पारावर माज्यानं बसवायचं नाय."

मग धाकोजीच्या शेजारचा उठला. त्याच्या शेजारचा उठला. एकेक करत सगळी रांग उभी राहिली, आणि खाली राहिला एकटा विसाजी देसाई. त्याने वर सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग जमिनीला हात टेकला आणि कण्हत उठला. त्याला हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. पाथरवटाने धाकोजीने सांगितलं तसंच कोरलं. रांगेच्या टोकाला बसलेला, खाली मान घातलेला माणूस दिसतो ना, तो धाकोजी. शेजारी एका माणसापुरती मोकळी जागा आहे, बघा.

त्या दिवसापासून कातळवेळची गावकी बसली नाही. आजही ग्रामसभा याच पारावर भरते आणि उभ्यानेच होते. पंचायतीने खुर्च्या आणल्या, त्या लग्नांना वापरतात. तालुक्याचे एक साहेब एकदा हट्टाने खुर्चीत बसले. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. त्यांना दगडाची गोष्ट सांगितली, एवढंच. गोष्ट संपायच्या आत ते उठले होते.

आणि आजही सभा सुरू व्हायच्या आधी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस पुढे होतो, खांद्यावरच्या उपरण्याने या दगडापुढची जागा झाडतो आणि म्हणतो, "मर्जानदादा, या, बसा." मग सगळं गाव गप्प उभं राहतं. उंडीची पानं वाजतात, खाडीवरून वारा येतो. जागा रिकामीच असते. थोडा वेळ वाट बघून आम्ही खाली मानेने कामाला लागतो.