खुंट्याची पसंती

अवजारांना तोंड होतं, तेव्हाची गोष्ट. गिरजाबाईच्या गोठ्यात खुंटा एकच, म्हणून गाय कोणती आणायची यावरून दुधाची चरवी आणि नांगर यांचं जुंपलं.

"मला काठोकाठ भरणारी हवी!"

"दुधाने कुठे शेत नांगरून होतं? बैल देणारी आणा!"

खुंट्याला मागची दुधाळ गाय आठवली. पहिल्याच उन्हाळ्यात ती आडवी झाली होती.

दोन गाभण गायी दारात आल्या. गिरजाबाईने दोघींपुढे कडबा टाकला. गुबगुबीत गायीने तो हुंगला. "अंथरूण छान आहे. जेवण कधी?"

काटक देवणी जातीची गाय काहीच बोलली नाही. तिच्या तोंडात कडबा होता.

"हिलाच बांधा, बाई," खुंटा म्हणाला.

"म्हणजे मी अर्धीच भरणार!" चरवी रडकुंडीला आली.

"पण उन्हाळ्यातही भरशील. आणि नांगरा, तुझा बैल हिच्या पोटात आहे."

"कालवड झाली तर?" नांगर धास्तावला.

चरवी पहिल्यांदाच हसली.