पानाला न शिवणारं गिऱ्हाईक

जनावरंही मुहूर्त बघून लग्नं लावत, तेव्हाची गोष्ट. चंद्राबाई शेळी हिरव्या पानांचे मंडप घालायची. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण गिऱ्हाइकांचा तिला वीट आला होता. हरणांचं वऱ्हाड अक्षता पडायच्या आत तोरणं फस्त करी. सशांनी तर एकदा केळीच्या पानाचा अंतरपाटच खाल्ला!

"यापुढे पानाला तोंड न लावणारं घरंदाज गिऱ्हाईकच घेईन," असं म्हणून तिने दारातले ससे हाकलले.

दुसऱ्याच दिवशी वाघोबा लेकीचं लग्न घेऊन आले. ना घासाघीस, ना कुरकुर. म्हणाले, "आमच्यात पानाला कुणी शिवत नाही हो."

चंद्राबाई भरून पावली. "आणि जेवणावळीचं काय?"

"पंगतीला तर तुम्ही हव्यातच," वाघोबा मिशा चाटत म्हणाले.

लग्न थाटात झालं. तोरणाचं एक पानही कमी झालं नाही.