वासराच्या दाव्याला गलबत

समुद्र हा संतांचा आज्ञाधारक सेवक आहे. संतांनी हात उचलला की लाट थबकते, डोळे मिटले की वारा खाली बसतो, हे आपण भाविक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आणि ते खरेच आहे. तांबळखोल बंदरी वास करणाऱ्या श्रीकेवळनाथ महाराजांचा तर अधिकारच थोर. फक्त महाराजांना बोट लागत असे. होडीत पाऊल पडले की पोट ढवळू लागे. त्यामुळे खाडीपलीकडे जायचे झाले तर महाराज तीन गावांना वळसा घालून पायी जात. कुणी विचारलेच तर म्हणत, "किनाऱ्यावर पापी कमी आहेत का, की पाण्यात शोधायला जाऊ?"

नारळी पौर्णिमेला तांबळखोलची वेळादेवी खाडीपलीकडच्या धाकट्या बहिणीला भेटायला जाते. पालखी नेण्याचा मान धाकोजी तांडेलाच्या मचव्याचा. रिवाज असा, की वल्ही मारायची नाहीत. शीड उभारून, वाऱ्यावरच जायचे. शीड चढले नाही तर मान दुसऱ्या घराण्याकडे जायचा, तो कायमचा.

त्या वर्षी धाकोजीच्या मचव्याची दशा बघवत नव्हती. शीड बांधायचा लांब वासा मधोमध चिरला होता आणि शीड ओढायचा दोर हातात घेतला की त्याचा भुसा होत होता. नवा दोर आणावा, तर बाजारात वीतभरही शिल्लक नव्हता. गलबतवाले विसाजी सारंग सगळा उचलून बसले होते. "मान काही मी मागत नाही," असे ते रोज चारचौघांत सांगत, आणि गुपचूप पालखी ठेवायला नव्या गलबतावर चौथरा बांधून घेत.

धाकोजी मठात येऊन बसला.

"काय रे, जेवलास का?" महाराज म्हणाले.

"आजोबांनी देवी नेली, बापानं नेली. माझ्या हातून जाणार, महाराज. घास उतरत नाही."

महाराज उठले. मठापुढची निशाणकाठी त्यांनी स्वतः उपटली आणि धाकोजीच्या खांद्यावर दिली. मोडल्या हाताला कामट्या बांधतात तशी ती चिरलेल्या वाशाला बांधायची होती. मग झोळी घेऊन ते गावात शिरले.

"माई, आज पीठ नको. दोर वाढा."

आयाबायांनी हात आखडला नाही. कुणी रहाटाचा दोर सोडला, कुणी पाळण्याचा. गंगू घाडिणीने वासराचे दावे दिले. ते वासरू मोकळे सुटले आणि सारंगांच्या परसातले वाल खाऊन आले. झोळी भरून वाहिली. पण एक दोर जाड, एक बारीक, एक काथ्याचा, एक अंबाडीचा. पीळ उकलून एकमेकांत विणावे, तर जमेना. शेवटी गाठी मारल्या. दोर झाला गरजेच्या दुप्पट, आणि गाठी झाल्या लिंबाएवढ्या.

सारंग बघायला आले. "धाकू, हा दोर की जपमाळ?"

"जपमाळच," महाराज म्हणाले. "तुम्हालाही ओढायला देऊ."

"यातली एक गाठ जरी डोलकाठीच्या कप्पीतून गेली, तर ही मिशी उतरवीन."

पौर्णिमा उजाडली. पालखी मचव्यात चढली, ढोल वाजले, धाकोजीने दोर ओढला. शीड अर्ध्यावर गेले आणि पहिली गाठ कप्पीत अडली. धाकोजी लोंबकळला, पण गाठ हलेना. ओहोटी लागायची वेळ झाली होती. शेजारच्या गलबतावरून सारंग म्हणाले, "देवीला ऊन लागतंय. आणा इकडे."

महाराज किनाऱ्यावर उभे होते. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा आकाशाकडे पाहिले, आणि मचव्यात चढले.

"धाकू, देवीचं नाव घे आणि ओढ. जोर नको लावूस."

गाठ कप्पीशी आली, क्षणभर थांबली, आणि बुटके दार असलेल्या देवळात माणूस वाकून शिरतो तशी आत गेली. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. शीड माथ्याला लागले आणि मचवा निघाला. मागाहून सारंगांचे गलबत आले, सोबत म्हणून.

खाडीच्या मुखाशी वाऱ्याचा झोत आला. धाकोजीने दोर सोडताच गाठी आल्या तशा सुरळीत परत गेल्या, शीड खाली आले, नांगर पडला. गलबतावर मात्र सारंग ओरडत होते. त्यांचा पांढराशुभ्र सुती दोर शिंतोड्यांनी भिजून फुगला होता आणि कप्पीत असा बसला होता की शीड वर जाईना, खाली येईना. गलबत थेट खडकाकडे चालले.

"धाकू!" सारंग ओरडले. "टाक काहीतरी!"

धाकोजीने दोराचे उरलेले टोक भिरकावले. नेमके वासराचे दावे सारंगांच्या हाती आले. त्यांनी ते गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेला बांधले, दोर ताणला गेला, आणि एवढे मोठे गलबत गरीब वासरासारखे मचव्यामागे उभे राहिले. तेवढ्यात त्याचे शीड फाटून उडाले, तो प्रश्नही मिटला.

झोत ओसरला. धाकोजीने शीड पुन्हा चढवले. देवी वाऱ्यावर पैलतीरी लागली, तिच्यामागून दाव्याला बांधलेले सारंग लागले. दोघी बहिणी भेटल्या. धाकोजी भरल्या डोळ्यांनी हसत होता, आणि लोक कप्पी उतरवून तीत गाठ घालून बघत होते. एकाने हातोडीही आणली. गाठ शिरली नाही.

सारंगांनी भर वाळूत महाराजांचे पाय धरले. "माझा दोर गुळगुळीत होता, महाराज. तो का अडला?"

"भिजला आणि फुगला. फुगलं की अडतं, सारंग."

"धाकूचा मान धाकूचाच. मी आत्ताच्या आत्ता मिशी उतरवतो. आणखी काय सेवा करू, आज्ञा करा."

सारा किनारा उपदेशासाठी कान टवकारून उभा राहिला. महाराज वाळूवर हळूच बसले होते. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मिशी राहू द्या," महाराज म्हणाले. "लिंबू मिळतं का बघा."