कड्यावर न चढलेला माणूस

भैरोबाच्या कड्यावर गिधाडांची घरटी होती, म्हणून अभयारण्याने चढाईला बंदी घातली होती. तरी शहरातले दोघे चोरून चढले आणि मधेच अडकले. वनाधिकारी राजाध्यक्षांनी वाडीतल्या बुधा हिलमला वर पाठवलं. ते दोघे सुखरूप उतरले. बुधाचा मात्र पाय घसरला आणि तो दरीत पडून मरण पावला.

वर्षाने त्याची बायको चांगुणा कचेरीत आली. "साहेब, घरटी आता रिकामी आहेत. माझ्या दोघा दिरांना वर जाऊ द्या. तो जिथनं पडला तिथं फुलं वाहायचीत."

राजाध्यक्षांनी फाइल उघडली. "बाई, नियम सगळ्यांना सारखा. बंदीनंतर त्या कड्यावर कुणीच चढलेलं नाही, असं इथे स्पष्ट लिहिलंय."

"चढलाच नाही, तर पडलाही नसंल," चांगुणा शांतपणे म्हणाली. "मग माझ्या माणसाला घरी पाठवा, साहेब. वरीस झालं, वाट बघतेय."

साहेबांनी पेन उचललं. मग त्यांनी फाइलीत लिहिलं, 'बुधा हिलम माझ्या हुकमावरून चढला होता', आणि परवानगीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी दीर फुलं घेऊन चढले. दोघे खाली उतरेपर्यंत पायथ्याशी डोळे मिटून बसलेल्या चांगुणाने ते उघडले नाहीत.